शेवटच्या झाडापाशी पाणी

मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. आमच्या घरापासून समुद्राकडे गेलं की एक जुना बंगला लागतो, भल्या मोठ्या बागेचा. मालक परदेशात. बागेत काटेरी झुडपं माजलेली, चिकूच्या झाडांवर वेली चढलेल्या. मालकांची परवानगी काढून गावातली काही माणसं दर रविवारी ती साफ करायला जमतात, असं कळलं. म्हटलं, आपण तरी घरी काय करतो? मुलगा वापीला, सून-नातवंडंही तिकडेच. आमचे हे गेल्यापासून मी एकदाच रांधते, ते दोन्ही वेळा पुरतं.

सगळे मला जपायचे. आजी, कोयता नको, आजी, सावलीत बसा. मी बसायची, गवत उपटायची आणि समोर ऐकणारं कुणी असो-नसो, बोलत राहायची. एका रविवारी पाचोळ्याखाली माझ्या हाताला दगड लागला. खरवडत गेले तर पाट! विहिरीशेजारच्या पाणी साठवायच्या कुंडीपासून थेट कुंपणालगतच्या शेवटच्या चिकूपर्यंत दगडी पाट. त्या दिवसापासून माझं दुसरीकडे लक्षच लागेना.

कारण आमच्या चिकूच्या वाडीतही असाच पाट होता. हे कुंडीपाशी उभे राहायचे, मी शेवटच्या झाडाशी. मधे सगळी झाडी, एकमेकांना दिसायचो नाही. हे कुंडीच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढायचे, पाणी आळ्यामागून आळं भरत यायचं. शेवटचं आळं भरत आलं की मी ओरडायची, "पोचलं हो!" तिकडून उत्तर यायचं, "घातला बोळा!" जन्मभर आमचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं बोलणं तेवढंच. पुढे मुलाने ठिबकच्या नळ्या टाकल्या. चांगलंच झालं, पाणी वाचतं. पण ठिबकला हाक मारावी लागत नाही. म्हणून मनात एकच होतं, या बागेत एकदा पाणी सुटावं, मी हाक मारावी आणि कुणीतरी ओ द्यावी.

पाट मोकळा झाला. पाणी सोडायच्या दिवशी मी आधीच जाऊन शेवटच्या झाडाशी उभी राहिले. कुंडीपाशी धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. पाणी आलं, आधी पाचोळा ढकलत, मग गढूळ. आळं भरलं. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पाणी आळं फोडून कुंपणाखालून रस्त्यावर गेलं तरी मी तशीच कान देऊन उभी.

मुलगी धावत आली. फोनकडे बघत बसली होती बिचारी, माझा फोन येईल म्हणून.

"आजी, फोन का नाही केलात?"

"हाक मारली होती."

"मला वाटलं, तुम्ही कुणाशीतरी बोलताय. तुम्ही बोलतच असता ना."

सगळे हसले, मीही हसले. चिखलात पाय तसेच होते.

जेवताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. हाक आली की काय म्हणायचं असतं, विचारू लागली. मी सांगितलं. तिला बोळ्याचंच हसू आलं. म्हणून दाखव म्हटलं तर पुटपुटली. म्हटलं, तुझी आई बाजारात मासळी विकताना अख्खी आळी उठवते, आणि तुझा आवाज एवढासा? मग चिडून अशी ओरडली की झाडावरचे कावळे उडाले.

पुढच्या रविवारी पुन्हा पाणी सोडलं. शेवटचं आळं भरलं, मी हाक मारली. झाडांपलीकडून लगेच उत्तर आलं, "घातला बोळा!" अगदी शिकवलं तसं, चांगलं खणखणीत.

तरी मी तिथून हलले नाही.

बोळा घातल्यावरही पाटात उरलेलं पाणी थोडा वेळ येत राहतं, आणि ते नितळ असतं. आमचे हे बोळा घालून झाल्यावर जरा थांबून, हळू आवाजात आणखी एक वाक्य बोलायचे, "पाय धुऊन घे गं." ते मी मुलीला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने तेही म्हटलं असतं, गुणी पोर आहे.

पाणी आलं. साडी जरा वर धरली, पाय धुतले आणि सगळ्यांत जाऊन बसले.