आडवा हात

त्याने ताटावर हात आडवा धरला. मी गरम रोटली घेऊन उभी होते आणि ताट रिकामं होतं.

जरा आधीच त्याने विचारलं होतं, "बेन, केवा छो?" सुरतेत जात अशी विचारतात. मी सांगितलं, "बौद्ध. धुळ्याकडची."

मग हात. त्याच्या बायकोचाही हात. त्यांच्या लहान मुलीने आधी बापाकडे पाहिलं. ओठाला श्रीखंड लागलेलं. आणि तिनेही इवलासा हात ताटावर ठेवला.

बापाचा आला नाही एवढा राग मला त्या हाताचा आला. एका जेवणात शिकली ती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कतारगामचा डायनिंग हॉल, पोटभर थाळीचा. मी आणि मंजुळा पाटील, दोघी खानदेशातल्या, आत रोटल्या लाटायचो. होळीला वाढपी गावी गेले तेव्हा शेठने आम्हांला लाटणं झालं की बाहेर वाढायलाही आणलं. भट्टीच्या धगीतून पंख्याखाली. मला तिथंच राहायचं होतं. शेठ म्हणालाही होता, नीट वाढलंस तर कायमचं बघू. त्याचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाने हात आडवा धरला की पुढच्या ताटाकडे जायचं.

मी पुढच्या ताटाकडे गेले. मागून त्याने मंजुळाला बोलावलं. "तमे आवो, बेन." तिघांचेही हात बाजूला झाले. मंजुळाने माझ्याकडे बघितलं नाही. वाढलं.

शेठ गल्ल्यावरून बघत होता. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ग्राहक तो भगवान छे. तू अंदर जा. रोटली बनाव."

"आत्ता ते खातायत ती पण मीच लाटलीय, शेठ."

"अंदर कोण जुए छे?"

आत कोण बघतंय. एवढं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे हात त्यांना चालत होते. समोर माझं तोंड दिसलेलं चालत नव्हतं.

गिऱ्हाईक का माजतं, यावर लोक पुष्कळ बोलतात. दमलेलं असतं, भुकेलं असतं, पैसे टाकलेले असतात. खोटं आहे. तो माणूस दमलेला नव्हता. हात धरताना त्याने गल्ल्याकडे बघितलं होतं आणि गल्ल्यावरचा माणूस हसला होता. आमचा अपमान थाळीच्या दरातच धरलेला होता. हवा तेवढा घ्या.

मी त्या टेबलापाशी परत गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाईसाब, आपने जितनी रोटी खाई, मेरे हाथ की भी है उसमें. पूछ लो शेठ से."

त्याचा घास तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकवेना. शेठ धावत आला. मंजुळा खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, पोट शे ना आपलं. गुपचूप ऱ्हाय."

मी हातातली रोटल्यांची टोपली त्यांच्यासमोर ठेवली. मुलीने रोटलीला हात घातला. आईने हातावर फटका मारला. मी चपला घातल्या.

पुढे सुरतेजवळच्या सचिन गावात, कारखान्यांपाशी, मी स्वतःची खाणावळ काढली. वाढायला बायाच आहेत. मीठ कमी पडलं म्हणून कुणी ओरडला तर ऐकून घेते. चूक आमची असते. पण माझ्या बाईला कुणी "केवा छो" विचारलं, की मी गल्ला सोडून उठते. त्याच्या ताटावर माझा हात आडवा धरते. जेवण अर्धं झालेलं असलं तरी.

ऊठ म्हणते.