छातीभर पाण्यातला तास

कॉलेजातली मुलं व्यायामाच्या सरांना पाठीमागे ‘शिट्टीसर’ म्हणत, आणि ते सरांना ठाऊक होतं. तास सुरू झाला की मैदानाला सहा फेऱ्या. मागे राहील त्याला सातवी. मुलं त्यांना पाण्यात पाहत, पण तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती. सर मात्र मनाने वाईट नव्हते. पळाल्याने माणूस सुधारतो अशी त्यांची साधी समजूत होती, आणि पंचवीस वर्षं ते स्वतः सगळ्यांच्या पुढे पळत आले होते.

एका सकाळी पाचव्या फेरीला त्यांचा उजवा गुडघा कटकन वाजला. सर मैदानातच बसले, ते दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकूनच उठले. शस्त्रक्रिया झाली. पुढचे व्यायाम सांगायला जी फिजिओथेरपिस्ट होती, ती त्यांच्या थोरल्या लेकीच्या वयाची.

“सहा महिने पळणं बंद,” ती म्हणाली. “रोज सकाळी छातीभर पाण्यात चालायचं.”

“पोहायचं म्हणा.”

“नाही सर, चालायचं. पोहणं नंतर बघू.”

घरी हे सांगितल्यावर बायको भाजी निवडता निवडता हसायलाच लागली. “जन्मभर दुसऱ्यांचा घाम काढलात. आता तुमची पाळी.”

गावातल्या जलतरण तलावाच्या उथळ बाजूला सकाळी सगळी उतारवयातली मंडळी असत. सर पहिल्या दिवशी खाली मान घालूनच पायऱ्या उतरले. हा काय व्यायाम, असं त्यांच्या मनात होतं. पण दहा पावलं टाकली न टाकली तोच पाणी मांड्यांना असं अडवू लागलं, की कुणी मागून सदरा धरून ठेवलाय असं वाटावं. अर्ध्या तासात त्यांना धाप लागली. गुडघा मात्र एकदाही कुरकुरला नाही.

चौथ्या दिवशी त्यांना पलीकडच्या कोपऱ्यात ओळखीचा चेहरा दिसला. त्यांच्याच वर्गातली मुलगी होती ती. अंगाने जाड, आणि वर्षभर मैदानाच्या कडेला बाकड्यावर बसलेली. कधी पोट दुखतंय, कधी डोकं. “तुझ्यासाठी बसण्याची परीक्षा ठेवायला हवी,” असं सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, आणि वर्ग खदखदून हसला होता.

इथे ती आपल्या आत्याला सोबत म्हणून आली होती. आत्या कठडा धरून सावकाश पाय हलवत होती आणि ही तिच्याभोवती पाण्यात पळत होती. गुडघे पोटापर्यंत, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत, मधेच उडी, मधेच गिरकी. सर बघतच राहिले. पंचवीस मिनिटं झाली तरी पोरगी थांबेना. मग तिचं लक्ष गेलं आणि ती हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाली.

“पोट बरं आहे का आता?” सरांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाला.

“पोट कधी दुखलंच नव्हतं, सर,” ती म्हणाली. “मैदानात मी पळाले की मागून हसतात. इथे गळ्याखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.”

सर तिच्या शेजारून चालू लागले. दोन चकरा झाल्यावर तीच म्हणाली, “सर, हात नुसते सोडू नका. तळवे उघडून पाणी ढकला, दंडांनाही व्यायाम होतो.”

सरांनी तळवे उघडले.

महिनाभराने ते काठी टेकत प्राचार्यांकडे गेले आणि बुधवारचा तास तलावावर मागितला.

“अर्ध्या मुलांना पोहता येत नाही,” प्राचार्य म्हणाले.

“पोहायचं नाहीच. पाणी छातीभर, आणि काठावर जीवरक्षक असतो.”

“आणि हे तुम्ही सांगताय?”

“मीच सांगतोय.”

पहिल्या बुधवारी नऊच जण आले, तेही कुरकुरत. सरांनी त्या मुलीला पुढे उभं केलं. “हिला मी बसणारी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “चूक माझी होती. आज ही दाखवेल तसं करायचं.” मुलीचे कान लाल झाले. कुणी हसलं नाही. मग तिने उड्या सुरू केल्या आणि बाकीच्यांना हसायला सवडच उरली नाही. मैदानावर पहिला येणारा पोरगा तीन मिनिटांत धापा टाकू लागला. पाणी कुणाची भीड धरत नाही. तोच पुढच्या आठवड्यात दोन मित्रांना ओढून घेऊन आला.

परीक्षेच्या आधी बुधवारची मुलं सव्वीस झाली होती. काहींना मैदानच आवडे, ते तिकडे पळत. तलावावर तास संपला तरी कुणी लवकर बाहेर निघत नसे. सर पायरीवर पाण्यात पाय सोडून बसत, आणि “पाच मिनिटं, बस्स” म्हणत दहा मिनिटं जाऊ देत.