हे बसेल

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय, उगाच नाही. तरी हे एक लिहितेच... नाही पटलं तर सोडून द्या.

ग्वाल्हेर, लष्कर, नया बाजार. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांमागे माणसंही निघाली. त्यांचं सामान पोचवायचं काम बाबांना मिळणार होतं — संस्थानी फौज मोडून तिथली नोकरी गेल्यावर त्यांच्यापाशी एक जुनी पिकअप तेवढी होती. नेमकं तिचंच इंजिन गेलं. आई वारून वर्ष होत आलेलं. गाडी चालली नाही तर बाबा मिळेल तिथे नोकरी धरणार आणि मला पुण्याला आत्याकडे धाडणार, हे ठरलेलं. मला बाबांना सोडून कुठेही जायचं नव्हतं.

बिर्ला नगरच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे दोन जुनी इंजिनं होती. एक रंगवलेलं, चकचकीत. दुसरं काळंकुट्ट, तेलानं माखलेलं. तिथल्या बशीर मिस्त्रींनी दोन्ही चालू करून दाखवली. काळं नुसतं खडखडत होतं, चकचकीत मात्र अगदी गुणी. बाबांनी त्यावर हात ठेवला, "हेच घेऊ."

तेवढ्यात माझ्या मागून आई म्हणाली, "अहो, हे बसेल."

अगदी स्वच्छ. मी वळले... मागे नुसता पत्रा. मिस्त्रीही वळले होते.

"कौन बाई साहब बोलीं? बैठ जाएगा, यही बोलीं ना?"

"कौन बाई साहब?" बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी सांगितलं — आई होती, हे बसेल म्हणाली. बाबांनी हाताखालच्या चकचकीत इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसेल म्हणजे... गाडीत नीट बसेल, घ्या, असंच ना?" आणि थांबले. बाबा दक्षिणेतले, म्हणजे पुण्याकडचे, पण आई जन्माची ग्वाल्हेरची. इथे ‘इंजन बैठ गया’ म्हणजे कामातून गेलं, आणि तिच्या मराठीतही तेच उतरलेलं. घड्याळ बंद पडलं की ती म्हणायची, "घड्याळ बसलं." बाबा विचारायचे, "कुठे, पाटावर?"

"मिस्त्री, वो काला वाला निकालो," बाबा म्हणाले.

चकचकीत इंजिन टोपी बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं नेलं. शिवपुरीपर्यंतसुद्धा पोचलं नाही, वाटेतच जाम झालं. आमचं काळं कितीतरी वर्षं भोपाळच्या खेपा करत राहिलं आणि मी लग्न होईपर्यंत बाबांजवळच राहिले.

मिस्त्रींना मराठी येत नव्हती, आईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मग त्यांना कसं ऐकू आलं, कसं कळलं? आणि जो माणूस वर्षभर तिच्यासाठी झुरत होता, त्यालाच का नाही? खूप डोकं चालवलं. अजून काही सांगता येत नाही.

बाबांनी त्याबद्दल एकदाच विचारलं. पहिल्या खेपेला मी त्यांच्या शेजारी बसले होते.

"बोलताना तिला धाप लागत होती का गं?"

शेवटी शेवटी आईला एक वाक्यही पुरं करता येत नसे.

"नाही बाबा. आरामात बोलली."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.