गोताडांचा खांदा

धोंडू गोताडाच्या उजव्या खांद्यावर एक घट्टा आहे. नारळाच्या करवंटीएवढा, हाताला कातळासारखा लागणारा. त्यातला अर्धा चिरेखाणीचा, अर्धा देवीचा. जांभ्याचे चिरे खांद्यावर घेऊन ट्रकात भरायचे, हे त्याने लग्नाआधीपासून केलं. आणि शिमग्यात आमच्या गावदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसते त्या दगडी ओट्यावरून उठते, तेव्हा दांडीचा पुढचा खांदा गोताडांच्या घराचा. बाकी गावाने नंतर हवी तशी नाचवावी, पण उठवायची गोताडाने.

आमचं गाव आरे-वारेच्या मागं, खाडीच्या आतल्या अंगाला. खाली खाडीचं पाणी अडवणारा खारबंधारा आणि भाताचे कुणगे, वर उघडा कातळ. गोताडांचं घर चढणीवरचं शेवटचं. घरात धोंडू आणि त्याची बायको मथुरा. पोर नाही, भाऊ नाही. म्हणजे खांदा होता तेवढा हा एकच.

धोंडू नाचायला लागला की बघणाऱ्याच्याही पायात नाच यायचा. सुकटीसारखा माणूस, पण दांडी खांद्यावर आली की कंबरेत बसायचा आणि असा गिरकी घ्यायचा की पालखीतली देवीची रूपं डुलायची, गोंडे आडवे व्हायचे. ढोलवाला दमायचा, हा नाही.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी त्याला ताप आला. फार नाही. खोकला, चव गेली, आठवड्याभरात उतरला. गावात त्याच्यापेक्षा वाईट आजारी पडलेली माणसं महिन्याभरात कामाला लागली. धोंडूही लागला. दोन दिवस खाणीवर गेला, नीट काम केलं, हसला-बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी मथुरा चहा घेऊन गेली तर पडल्या जागेवरून त्याला मान उचलता येईना.

तेव्हापासून हे असंच. काम करायचा त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही फारसं नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी आतून बूच काढल्यासारखा रिकामा. पुण्या-मुंबईकडे ह्याला थकवा म्हणतात. आमच्याकडे माणूस गळाठला म्हणतात, आणि हा शब्द मला जास्त खरा वाटतो. थकलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. गळाठलेला झोपून उठतो तोही गळाठलेलाच.

रत्नागिरीत दोन डॉक्टर झाले. रक्त, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, सगळं चांगलं. एकाने शक्तीची इंजेक्शनं दिली, दुसऱ्याने सांगितलं, टेन्शन घेऊ नका. ह्यापलीकडे गावाला काय पाहिजे? चावडीवर बाळा मानकऱ्याने निकाल लावला.

"रिपोर्टात काय नाय, म्हंजे अंगात काय नाय. जल्ला मेला, काम नको झालाय त्याला."

बाळा वाईट माणूस नव्हे. धोंडूबरोबर लहानपणी खेकडे पकडलेला. पण डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा. आणि धोंडूचा आजार असा हरामी, की लोकांसमोर असताना तो दिसायचाच नाही. माणसांत दिसायचा तो उभा धोंडू. आडवा धोंडू फक्त मथुराने पाहिलेला.

त्या वर्षीच्या आणि पुढच्याही शिमग्यात पुढचा खांदा दुसऱ्याने दिला, गोताडांच्या नावाने. अडचण असली तर दोन वर्षं गाव सांभाळून घेतं. तिसऱ्या वर्षी मान दुसऱ्या घरी जातो. ही आमच्याकडची रीत.

धोंडूच्या बहिणीची मुलगी वेदिका पुण्यात एका संस्थेत संशोधन करते. ताप उतरूनही माणूस वर्षानुवर्षं का उठत नाही, ह्याचं गणित ती कम्प्युटरात मांडते. आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर ती आली ती लहान नळ्यांची पेटी घेऊनच. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत ठरल्या वेळी मामाने नळीत थुंकायचं. मथुराने त्या नळ्या फ्रीजमध्ये मीठ लावलेल्या बांगड्यांच्या शेजारी ठेवल्या. गावाला आयतं मिळालं.

"धोंडूची थुक पुन्याला चालली रे! कोन इकत घेता काय?"

"घेता तर," मथुरा अंगणातूनच म्हणाली. "तुजी पन दे. बघतील तरी, इतका इख येता कुठना."

पुढच्या खेपेला वेदिकाने ओटीवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर बाणच बाण, जाळ्यासारखे. तिने सांगितलं ते मला समजलं ते असं. अंगात रोगाशी लढणारी एक यंत्रणा असते आणि ताण आला की अंगाला सावरणारी दुसरी. दोघी सारखे एकमेकींना निरोप धाडतात. ताप आला की पहिली भडकते, दुसरी तिला आवरते, काम संपलं की दोघी आपापल्या जागी. मामाच्या अंगात त्या परत आल्याच नाहीत. भलत्याच ठिकाणी दोघींची तडजोड झाली आणि तिथंच त्या ठाण मांडून बसल्या. सुटी सुटी तपासली तर एकही बिघडलेली नाही. बिघडलाय तो दोघींमधला मेळ.

"सकाळी उठताना अंगात जो जोर वर यायला हवा," ती थुंकीच्या मापांवरून काढलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "तो तुमच्यात येतच नाही, मामा. बघा, सपाट आहे."

मथुरा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हंजे आपल्या खालच्या कुणग्यासारखा झाला."

खारबंधाऱ्याला उघाडी असते, ओहोटीला गोडं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बंद होणारी झडप. एका उधाणात तिची फळी मोडली आणि खाडी कुणग्यात शिरली. फळी त्याच आठवड्यात बसवली. पण त्या कुणग्यात भात धरायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

"अगदी तसंच, मामी," वेदिका म्हणाली. "फळी आता बरी आहे. खार आत राहिलाय."

धोंडू भिंतीला टेकून ऐकत होता. "पन त्यो खार पावसान धुतलान. माजा पाऊस कनचा?"

वेदिकाने रेघेवरचं बोट काढलं. "ते अजून कोणालाच सापडलेलं नाही, मामा."

"बरा. मग तुज्या ह्या डब्यात पालखी घाल. माज्या खांद्यावर दे आन बघ काय होता."

ती नको नको म्हणत होती. शेवटी घातली. रेघ वर गेली, थोडी तिथंच राहिली, मग जी घसरली ती पहिल्या जागेच्याही खाली जाऊन पडली. तिथंच आडवी चालत राहिली, पडदा संपेपर्यंत.

"हे तुमच्याच बाबतीत होईल असं नाही," वेदिका घाईघाईने म्हणाली. "हा अंदाज आहे. चुकू शकतो."

"चुकू शकता ना?" धोंडू म्हणाला. "झाला तर मग."

त्याने तेवढंच उचललं. बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, त्याला काय बोलणार.

शिमग्याआधी गाव देवळात बसलं. तिसरं वर्ष. बाळाने विषय काढला.

"धोंड्या, सांगून टाक. देतंस खांदा, का आमी दुसरा घर बघू?"

"देवीला इचारा," धोंडू म्हणाला.

गुरवाने देवीच्या अंगाला कळे लावले, फुलांचे, ओले. गाऱ्हाणं घातलं. प्रश्न काय विचारला? गोताडाने पुढचा खांदा द्यावा काय, एवढाच. उजवा कळा, म्हणजे होकाराचा, लगेच सुटला. सगळ्यांनी हात जोडले. धोंडूच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

घरी आल्यावर मथुराने लाकडं दाणकन चुलीशी टाकली.

"खांदा द्यावा काय, इचारलात. मागनं उठल काय, ता कोनी इचारला?"

"देवीला परत परत इचारीत नायत."

"मंग माला इचाराचा. मी रोज बघतंय."

"तू काय देवी हायस?"

"नाय. मी पान्याचा तांब्या तोंडाशी धरणारी हाय."

तो हसला. ती हसली नाही. आमच्याकडे हीच खोड आहे. देवीला एकदा विचारायचं, आणि तिने जेवढं सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त ऐकून घरी यायचं.

शिमग्याला मुंबईची माणसं आली. धोंडू त्याआधी पंधरा दिवस अंग राखून होता, पाण्याची कळशीसुद्धा उचलली नाही. ढोल सुरू झाला. सहाणेजवळ जाऊन त्याने दांडीला कपाळ लावलं, घट्ट्यावर दांडी घेतली आणि पालखी उठली. मग जो नाचला! कंबरेत बसला, गिरकी घेतली, गोंडे आडवे झाले. पोरांनी मोबाईल वर धरले. मागचा गडी बदलला, धोंडू बदलला नाही. बाळाने त्याच्या पाठीत थाप मारली.

"आजारी म्हनं! मेल्या, दोन वर्सां फसवलंस गावाला!"

धोंडूने नुसते दात दाखवले. घामाने निथळत होता. सुखी होता, हे मी सांगतो. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ओटीवर बसून आल्यागेल्याशी बोलला. त्याच संध्याकाळी मुंबईच्या गाड्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ पडली.

ह्या वेळी ती वर आलीच नाही. आधी उजेड सोसेना, म्हणून मथुराने खिडकीला गोणपाट ठोकलं. मग आवाज सोसेना. कुकरची शिटी झाली की त्याचं अंग कापायचं. तिने कुकर सोडून टोपात भात शिजवायला सुरुवात केली, कोंबड्या शेजारी दिल्या. वेदिका धावत आली. एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. नळी तोंडाशी धरली, पण धोंडूच्या तोंडात नळीपुरती थुंकीही येईना. तिने नळी कोरडीच पेटीत ठेवली आणि परसात जाऊन रडली.

गावाला ह्यातलं काही दिसलं नाही. गावाकडे मोबाईलमधला धोंडू होता. मथुरा कोणाला सांगायला गेली की समोरचा तोच उघडून दाखवायचा. "ह्यो बग, काकी. ह्यो काय आजारी मानूस?"

पाऊस आला, गेला. गणपती झाले. परत शिमगा आला. सहाणेवरून पालखी उठताना पुढचा खांदा पुन्हा दुसऱ्याने दिला, गोताडांच्या नावाने. मान शाबूत होता. एकदा खांदा दिला की पुढची दोन वर्षं परत मोकळी, हीसुद्धा रीतच. धोंडूने जे मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं.

मग पालखी घरोघर फिरत चढणीवर आली. मथुरा ओटीचं ताट घेऊन अंगणाच्या तोंडाशी उभी होती.

"बाळाभावजी, ढोल थांबवा वायच. त्यांना सोसत नाय."

"देवीचा ढोल सोसत नाय? आता ही नवीन तऱ्हा काय, वयनी? कुठं हाय त्यो? हात धरून आनतंय भायर."

बाळा चपला काढून आत गेला. ढोल वाजतच होता. काळोखात त्याला आधी काही दिसलं नसणार. आत काय झालं, काही बोलणं झालं का, हे बाळाने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाहेर आला तो तोंडावर उपरणं घेऊन. दारातच उभा राहून त्याने ढोलवाल्याकडे हात वर केला.

"बंद करा."

कोणी ऐकलं नाही, तेव्हा त्याने जाऊन ढोलाच्या कातड्यावर पंजा ठेवला.

ढोलाशिवाय पालखी कधी कोणाच्या अंगणात आलेली आम्ही पाहिली नव्हती. माणसं पाय न वाजवता चालली. मथुराने ओटी भरली, पाणी फिरवलं. गाऱ्हाणं गुरवाने कुजबुजत घातलं. पालखी वळली आणि उतरणीला लागली. खाली पार वाडीच्या वळणाला गेल्यावर ढोल पुन्हा सुरू झाला, लांबून, मऊ.

मथुरा रिकामं ताट घेऊन आत गेली. काळोखातून बऱ्याच वेळाने आवाज आला.

"पालखी आली नाय काय आपल्याकडं?"

"येऊन गेली," ती म्हणाली, आणि गोणपाटाची सुटलेली कड खिळ्यात अडकवली.