पाय कुठे जाणार?

"संध्याकाळपर्यंत संमती मिळाली नाही तर पेशंट हातचा जाईल," सर्जन मला म्हणाले. "पाठवा तुमची ती पोरगी. बघू तरी, काय शिकवता ते."

टोमणा झोंबलाच. मी हैदराबादच्या एका हॉस्पिटलात एम.ए.च्या मुलांना स्पिरिच्युअल केअर शिकवते. पूजा सांगणं नव्हे, उपदेश तर नव्हेच. पेशंट कुठल्याही धर्माचा असो, त्याच्या मनाला काय टोचतंय ते ऐकायचं आणि त्याच्याच श्रद्धेतून वाट काढायची.

पेशंट होते करीमचाचा, नामपल्लीचे म्हातारे टेलर. शुगरने पाय सडला होता, ताप चढत होता. पाय काढू म्हटलं की "नक्को". मुलगा रडकुंडीला आलेला. मौलवीसाहेबही येऊन सांगून गेले, जीव वाचवायला पाय कापणं जायज आहे. चाचांनी मान डोलावली, आणि पुन्हा नक्को.

माझी विद्यार्थिनी मुग्धा, बरकतपुऱ्याची. थिअरीत पहिली, पण तोंडाला लगाम नाही. मी बजावलं, धीर द्यायचा नाही, समजावायचं नाही. एक प्रश्न विचार आणि गप्प बस. ती स्टुलावर बसली. मी दाराशी, देव पाण्यात घालून.

"चाचा, पाँव गया तो सबसे ज्यादा क्या खटकता?"

चाचा बोलेनात. मुग्धाचे ओठ दोनदा हलले, पण पोरीने आवरलं.

"काटके किधर फेंकते?" चाचांनी हळूच विचारलं. "कचरे में?"

अरे देवा! आम्ही सगळे चाचांबद्दल बोलत होतो, कापलेल्या पायाबद्दल कोणीच नाही. अंगापासून तुटलेला भागही दफन करायचा, हा त्यांच्याकडचा रिवाज.

मी तडक सर्जनना गाठलं.

"एवढंच ना? घरच्यांनी मागितला तर देतो की आम्ही," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलंच नाही."

हे कळल्यावर चाचांनी मुलाला जागा सांगितली, बीबीच्या कबरीशेजारी. मग सही केली. ऑपरेशन झालं, आणि मुलाने पाय कापडात गुंडाळून तिथे दफन केला.

ताप उतरला. काही दिवसांनी आम्ही सर्जनबरोबर राउंडला गेलो तर चाचा उशीला टेकून चहा पीत होते.

"मैडम, पाँव आगे जाके बीबी के बाजू में जगा पकड़ लिया," ते म्हणाले. "अब मेरेकू जल्दी नै."

सर्जन खो खो हसले. बाहेर आल्यावर मला विचारतात, पुढची बॅच कधी? मी मुद्दाम भाव खाल्ला, म्हटलं, बघते.

आमचं एम.ए. दोन वर्षांचं आहे. त्यातला बराचसा वेळ गप्प बसायला शिकण्यात जातो.