अस्वलाला काच लावली त्याची गोष्ट

लहान मुलांच्या म्युझियमची मांडणी करण्यात वीस वर्षं काढली की प्राण्यांपेक्षा किस्सेच जास्त भरून ठेवलेले निघतात. चहाला बसलो की एकेक बाहेर येतो. हल्ली मात्र सगळे सांगवत नाहीत.

आमचे जोशी सर म्हणजे क्युरेटर. मुलांना किती उंचीवरून दिसतं ते कळावं म्हणून टेप घेऊन आख्ख्या दालनात गुडघ्यांवर फिरायचे. एक आजोबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, नवस आहे का?"

पवारकाका आमचे मॉडेल करणारे. त्यांनी घायपाताचे धागे काळे रंगवून अस्वल केलं होतं. खरखरीत, जाडंभरडं! मुलं त्याच्या नाकावरून इतका हात फिरवायची की दर महिन्याला तिथले केस जायचे. काका सुट्टीच्या सोमवारी नवे चिकटवत बसायचे. मी वैतागायचो. ते म्हणायचे, "टक्कल पडलं म्हणजे एक्झिबिट चाललं!"

मग पुण्यात आयटी आलं आणि आम्हाला स्पॉन्सर मिळाला. कंपनीचा मुलगा म्हणाला, "सर, अस्वल इंटरॅक्टिव्ह करू या ना!"

काका म्हणाले, "आत्ता काय ते झोपलंय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि ड्रॉइंग काढायला बसलो. अस्वलाभोवती काच, बाजूला टचस्क्रीन. काकांची बाजू घ्यायला हवी होती. नाही घेतली. नवीन वस्तूंचा मोह मलाही होताच की!

स्क्रीन दुसऱ्याच आठवड्यात लॉगिनवर अडकून पडला. एक पोरगी आईला ओरडून सांगत होती, "आई, अस्वलाला पासवर्ड लागतो!"

काका त्याच वर्षी रिटायर झाले. जाताना मला एवढंच म्हणाले, "काच रोज पुसून घेत जा. डाग फार दिसतात." मी "हो" म्हटलं. नंतर वारज्याला त्यांच्या घरी जायचं दहा वेळा ठरवलं, पण गेलो नाही.

गेल्या वर्षी एका अंधशाळेच्या बाईंचा फोन आला. "मुलींना घेऊन येऊ का?" मी म्हटलं, "या की, अवश्य या." काचेचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. बाईंनी तिला सांगितलं, "हे बघ, समोर अस्वल आहे." तिने दोन्ही तळवे पुढे केले. वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवले, गाल टेकवला. मी शेजारीच उभा होतो.

मग ती खूश होऊन म्हणाली, "बाई, किती गुळगुळीत असतं हो अस्वल! आणि गार!"