पाचवा तास

आमच्या साडूंनी आख्ख्या आयुष्यात एक वाक्यही बसून पुरं केलं नसेल. उभा जन्म म्हणतात तो त्यांनी खरोखरच उभ्यानं काढला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान. आटपाडीच्या पलीकडं, जिथं एसटी वळते आणि कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळतो, त्या गावचे पोस्टमास्तर. मी कराडचा, एका कॉलेजच्या ऑफिसात खुर्चीवर बसून बसून रिटायर झालो आणि बसायची हौस अजून फिटलेली नाही. त्यामुळं हे गृहस्थ आमच्या दारात दिसले की माझी खुर्ची सुटायची. चहा उभ्यानं, पोहे चालता चालता. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत अशा त्यांच्या येरझाऱ्या, आणि मागनं बशी घेऊन माझी बायको, “दाजी, दोन घास बसून खावा की!” “बसतो, बसतो,” असं म्हणत ते पायात चपला सरकवायचे. मिरजेला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी तीन दिवस खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मोसंबी घेऊन गेलो तर खाट रिकामी आणि नर्स रडकुंडीला आलेली. शोधता शोधता साहेब सापडले फाटकाजवळच्या टपालपेटीपाशी. एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताचं मनगट डोळ्यांसमोर. मला बघितल्याबरोबर म्हणाले, “पावनं, हिच्यावर साडेचारची वेळ लिवलीया. पावणेपाच झालं, कुत्रं फिरकलं न्हाई!”

पोस्टमास्तर म्हटल्यावर तुम्हाला लाल इमारत आणि जाळीची खिडकी आठवली असेल, तर विसरा. खेड्यातलं शाखा पोस्ट पोस्टमास्तराच्या घरातच असतं. जागा त्याची, टेबल त्याचं, छप्पर गळलं तर तेही त्याचंच. सरकारचा फक्त शिक्का, पेटी आणि वजनकाटा. नेमणूक तासांवर, आणि साडूंची होती चार तासांची, दहा ते दोन. पगारही चार तासांचाच. शहरातल्या पोस्टातल्या लोकांना वेतन आयोग लागतो; या खेड्यातल्या डाकसेवकांसाठी वेगळी समिती बसते आणि ती बसली की लवकर उठत नाही. पासष्टीला घरी जाताना पेन्शन नाही. एकरकमी काहीतरी हातावर ठेवतात, हार घालतात आणि या म्हणतात. “आमी खात्यात हाय, पर खात्याचं न्हाई,” साडू म्हणायचे. “पंगतीत पाट मांडत्यात, आन् वाडायचं इसरत्यात.” माझी पेन्शन मात्र महिन्याच्या महिन्याला बँकेत पडते, मधेच वाढते आणि मला पत्ताही नसतो. हे मी एकदा त्यांच्यासमोर फुशारकीनं बोलून गेलो. त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या. “तुमी झोपल्यालं असताना वाडती व्हय?” एवढंच त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार तास म्हणजे मात्र चार तास. दहाच्या ठोक्याला समोरच्या खोलीचं दार उघडलं की साडू आक्काचे नवरे राहत नसत. आक्काला आंतरदेशीय पत्र हवं असलं तर तिनं मागल्या दारानं बाहेर पडायचं, गोठ्याला वळसा घालून पुढच्या दाराला यायचं आणि गिऱ्हाइकासारखं उभं राहायचं. एकदा ती शेजारी गेली असताना चुलीवरचं दूध उतू गेलं. साडूंना टेबलापासून ते स्पष्ट दिसत होतं. आक्का येऊन कपाळ बडवायला लागली तर म्हणाले, “मी ड्यूटीवर हुतो.” आणि दोन वाजल्यानंतर? दोननंतर गावाचं राज्य. कुणी जेवताना यायचं, कुणी अंघोळीच्या वेळी, आणि हा माणूस अंगावरचं पाणी निथळत पावती फाडायचा. सरकार चार तास मोजत होतं. गावानं कधी घड्याळच बघितलं नाही.

डाकसेवकांचा संप झाला तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. संप म्हणजे ऑफिस बंद, ऑफिस म्हणजे घरची समोरची खोली. तेव्हा साडूंनी स्वतःच्याच घराला कुलूप ठोकलं आणि अंगणातल्या लिंबाखाली झेंडा रोवून एकट्यानं घोषणा द्यायला सुरुवात केली. घोषणाही तेच देणार आणि “झालाच पाहिजे!” असं उत्तरही तेच. दुपारी आक्का म्हणाली, “आवं, उनाचं आत तरी या की.” “संप हाय, आत न्हाई येता येत,” असं म्हणून ते गोठ्याकडून मागल्या दारानं गेले, भाकरी खाल्ली आणि त्याच वाटेनं संपावर परत. सातव्या दिवशी एक म्हातारी निराधार योजनेच्या पैशासाठी येऊन लिंबाखाली बसली आणि उठेना. साडू तिच्याभोवती दहा फेऱ्या मारून शेवटी म्हणाले, “म्हातारे, मागल्या दारानं ये. आन् कुणाला बोलू नगंस.” स्वतःचा संप त्यांनी असा स्वतःच मागच्या बाजूनं फोडला, आणि लगेच पुढं येऊन दुप्पट मोठ्यानं ओरडायला लागले.

या माणसाच्या जिवाला एकच घोर होता, पाचवा तास. ऑफिसचं काम एका ठरावीक मापाच्या वर गेलं की नेमणूक चाराची पाच तासांची होते. पगार वाढतो आणि जातानाची रक्कमही वाढते. साडूंचं काम त्या मापाला जरासं कमी पडत होतं आणि पासष्टीला दीड वर्ष राहिलं होतं. पेन्शन नाही म्हटल्यावर पुढल्या दिवसांना आधार तो तेवढाच. शिवाय पारावरचे लोक “चार तासाचं मास्तर” म्हणायचे, ते निराळंच झोंबायचं. झालं, साडूंनी गाव पिंजून काढलं. गावातली निम्मी पोरं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात, कुणी मदुराईला, कुणी लुधियानाला. त्यांच्या आयांना साडूंनी शेंगदाण्याची चटणी पार्सलनं धाडायला लावली. कुणाला नातू झाला की पेढ्यांच्या आधी साडू हजर, “पत्र टाका, फोनवर काय खरं नसतंय.” भावकीतल्या दोघा भावांचा बांधावरून तंटा होता, बोलाचाल बंद. साडूंनी दोघांच्याही डोक्यात भरवलं की भांडण कायदेशीर करायचं तर रजिस्टरनंच. घराला घर लागून, आणि शिव्या चालल्यात रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट! चार महिन्यांनी थोरल्यानं शेवटचं रजिस्टर केलं, ‘खर्च लय होतोय, बोलूया.’ दोघं भाऊ गळ्यात गळा घालून रडले. गावाला आनंद झाला. साडूंचं तोंड मात्र उतरलं, “दोन गिऱ्हाइकं गेली.”

हे सगळं ऐकून मलाही वाटलं, आपणही खारीचा वाटा उचलावा. त्यांना न सांगता मी कराडहून रोज त्यांच्या नावानं एक रजिस्टर करायला लागलो. पहिल्या दिवशी खुशाली लिहिली, दुसऱ्या दिवशी हवापाणी, चौथ्या दिवसापासून कोरा कागद. माझ्यासारखा माणूस रोज उठून पोस्टाच्या रांगेत उभा राहतो, म्हणजे बघा! महिना होत आला आणि एका दुपारी साडू घामेघूम होऊन आमच्या दारात. पिशवीतनं पाकिटांचा गठ्ठा काढून त्यांनी टीपॉयवर आपटला. त्यातलं प्रत्येक रजिस्टर त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं, आणि नियमाप्रमाणं सही घेऊन.

“पावनं, काय केलंसा हे?”

“मदत,” मी म्हणालो.

“कुनाला? पैसं कुटल्या हापिसात भरलं? कराडात! मग काम कुनाचं वाडलं? कराडचं! तिथली मानसं पक्क्या पगाराची, पेन्शनीची. त्यांच्या ताटात आनखी तूप वाडलंसा! येनाऱ्या टपालानं माजी निस्ती पायपीट वाडती. जानारं पायजे, जानारं!”

माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मी खजील होऊन पाकिटं गोळा करत राहिलो. तेव्हापासून उलटा प्रवाह सुरू झाला. दर सोमवारी साडूंचं रजिस्टर पाकीट आमच्याकडं येई. आत एकच ओळ, ‘खुशाल. उत्तर धाडू नये, फायदा कराडला होतो.’

शेवटच्या दिवशी निरोपाला आम्ही दोघं मुद्दाम गेलो. अकराला टपालाची पिशवी आली. साडूंनी सील तोडलं, पत्रं लावली, आणि ऑफिसच्या नावाचं एक लांब पाकीट उघडलं. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. ते थांबले होते. पाच तास मंजूर झाले होते, पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि साडू त्या दिवशी दोन वाजता निवृत्त होणार होते. आक्का पुढच्या दारात गिऱ्हाइकासारखीच उभी होती. तिला कळलं तशी ती ओरडली, “एक म्हैना आदी द्याय काय झालं हुतं मुडद्यास्नी!” मलाही असा संताप आला की कुणाची तरी गचांडी धरावी, पण धरायची कुणाची? साडूंनी शिक्का उचलला, आलेल्या टपालावर मारतात तसा त्या पाकिटावर तारखेचा ठसा मारला आणि म्हणाले, “हापिसाला घावला न्हवं तास? मग झालं तर.”

आता पोस्ट गावातल्याच एका मेंढपाळाच्या सुनेकडं गेलंय. दहावीचे मार्क बघून तिची नेमणूक झाली, तीही पाच तासांवर. पाटी, पेटी, वजनकाटा, सगळं आता तिच्या घराच्या पुढल्या सोप्यात. साडूंच्या घरातली समोरची खोली मोकळी झाली, पण दहा ते दोन ते अजून तिच्यात पाऊल टाकत नाहीत. गोठ्याकडूनच ये-जा करतात. आक्का म्हणते, “म्या त्यात कांदं पसरल्यात. तरी बी न्हाई शिरत.” मला वाटलं, सोमवारची पाकिटं आता थांबतील. पण पहिल्याच सोमवारी पाकीट हजर. खात्यानं आता रजिस्टर बंद करून स्पीड पोस्ट ठेवलंय, एवढाच फरक. या वेळी आत दोन ओळी जास्त होत्या. ‘खुशाल. काम कमी पडलं तर तास काढून घेतात. पोर नवी आहे. उत्तर धाडू नये.’

ते वाचून मी खुर्चीतनं उठलो. मग पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिका पिशवीत भरल्या आणि कराडचं पोस्ट ओलांडून, दोन एसट्या बदलून त्या गावी गेलो. साडूंनी माझ्या हातातली पिशवी बघितली, ती काखेत मारली आणि झपाझप पुढं निघाले. त्या सुनेनं पत्रिका मोजून घेतल्या. “काका, बसा की,” ती दोनदा म्हणाली. साडू रांगेत माझ्याबरोबर उभेच राहिले आणि तिचा शिक्का नीट उमटतोय का ते मान वाकडी करून बघत राहिले. आम्ही बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. त्यांनी सवयीनं मनगट वर केलं. मग वळून दाराकडं पाहिलं. आत ती कुणाच्या तरी चटणीच्या पार्सलाला सुतळी बांधत होती. समोर एक दगडी कट्टा होता. साडू सावकाश त्यावर बसले.

“बगा पावनं,” ते म्हणाले, “दोन वाजून ग्येलं, तरी बी दार उगडं हाय.”

मी त्यांच्या शेजारी टेकलो. तीन वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.